रोगभाराचे गणित आणि शाळेचा पट



शाळाभेटीच्या वेळी प्रगतिपत्रके चाळण्याची मला जुनी सवय आहे. गुणांचे आकडे मी भराभर पाहून जातो. थांबतो तो शेऱ्याच्या रकान्याशी. ‘वर्गात लक्ष नसते’, ‘पेंगतो’, ‘आळशी’, ‘मंदगती’, ‘प्रयत्न करीत नाही’ हे शेरे इतक्या पत्रकांतून आणि इतक्या निरनिराळ्या हस्ताक्षरांत आढळतात की, एकाच आजाराचे वर्णन अनेक वैद्यांनी आपापल्या भाषेत लिहून ठेवावे, तसा भास होतो. हा भास सर्वस्वी खोटा नाही, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. त्यासाठी प्रथम आरोग्यशास्त्रातील दोन-चार संकल्पना समजून घेणे अवश्य आहे. हजेरीपट ठेवणाऱ्या माणसास त्या मुळीच कठीण वाटू नयेत.

अमुक गावात अमुक रोगाचे ‘फार’ रोगी आहेत, असे म्हटल्याने कोणताच बोध होत नाही. किती लोकांमागे किती, आणि किती काळात, हे दोन प्रश्न विचारावेच लागतात. चाळीस पटाच्या शाळेत आठ मुले आजारी असणे आणि चारशे पटाच्या शाळेत आठ मुले आजारी असणे ह्यांतील अंतर चौथीतील मुलगाही सांगेल. परंतु ह्यापुढची पायरी मोठ्यांच्याही ध्यानात चटकन येत नाही. वर्षभरात नव्याने दाखल झालेली मुले किती, हा एक प्रश्न. आणि आज पटावर असलेली मुले किती, हा निराळा प्रश्न. रोगांचेही असेच आहे. वर्षात नव्याने किती जणांस रोग जडला हे एक प्रमाण, आणि आज घटकेस किती जण त्या रोगाने ग्रस्त आहेत हे दुसरे. गोवरासारखा आजार येतो आणि पंधरवड्यात निघून जातो. त्याचे नवे रोगी पुष्कळ, पण एखाद्या दिवशी मोजाल तर थोडेच सापडतील. रक्तक्षयाचे ह्याच्या उलट आहे. तो एकदा पटावर आला की, वर्षानुवर्षे नाव कमी होत नाही. शिवाय पटावरून नाव कमी होण्याचे मार्ग दोन आहेत, रोगी बरा होणे किंवा मरणे. म्हणून रोग्यांचा पट घटला एवढ्यावरून आनंद मानू नये. नावे कोणत्या दाराने बाहेर पडली हे पाहावे.

आता मृत्यूच्या नोंदीविषयी. कोणत्याही देशाचे आरोग्यमान जाणून घ्यावयाचे झाले, तर पूर्वी प्रथम मृत्यूच मोजले जात, आणि ते योग्यही होते. १९९० साली जगात पाच वर्षांखालील सुमारे सव्वा कोटी बालके मृत्यू पावली. २०२२ साली ही संख्या ४९ लाखांच्या आसपास आली. लस, स्वच्छ पाणी, सुरक्षित बाळंतपण आणि अतिसारावर देण्याचे साखर-मिठाचे पाणी, अशा साध्या गोष्टींचा ह्या यशात मोठा वाटा आहे. परंतु जे मूल वाचले ते निरोगी आहे काय, ह्या प्रश्नाचे उत्तर मृत्यूची नोंदवही देऊ शकत नाही. तिच्या लेखी माणसाच्या अवस्था दोनच, जिवंत आणि मृत. दुपारी भिंतीला टेकून पेंगणारे मूल जिवंत ह्या सदरात पडते, व विषय संपतो.

ही उणीव भरून काढण्यासाठी क्रिस्टोफर मरे व ॲलन लोपेझ ह्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक नवे माप तयार केले. १९९३ साली जागतिक बँकेने प्रसिद्ध केलेल्या जागतिक विकास अहवालातून ते सर्वांपुढे आले. ह्या मापाने जे मोजले जाते त्यास आपण ‘रोगभार’ म्हणू. त्याचे एकक आहे, निरोगी आयुष्यातील गमावलेले एक वर्ष. जसे अंतर मैलांत वा किलोमीटरांत, तसा रोगभार गमावलेल्या वर्षांत.

ही वर्षे दोन प्रकारांनी गमावली जातात. पहिला प्रकार अकाली मृत्यूचा. हिशेबाच्या सोयीसाठी माणसाचे पूर्ण आयुष्य पंच्याऐंशी वर्षांचे धरले, तर अतिसाराने दोन वर्षांचे मूल दगावल्यास त्र्याऐंशी वर्षे गेली आणि सत्तर वर्षांचा वृद्ध वारल्यास पंधरा. मृत्यूच्या नोंदवहीत ह्या दोन्ही नोंदी एकेक ओळीच्याच असतात. दुसरा प्रकार आजारपणात काढलेल्या आयुष्याचा. आजाराच्या तीव्रतेनुसार त्यास शून्य आणि एक ह्यांच्या दरम्यानचा एक अंक देतात. शून्य म्हणजे पूर्ण आरोग्य, एक म्हणजे मृत्युतुल्य अवस्था. आजार जितकी वर्षे टिकला त्या वर्षांस ह्या अंकाने गुणले की, किती वर्षे गमावली ते निघते. दोन्ही प्रकारांची बेरीज म्हणजे रोगभार.

हे अंक आले कोठून, अशी शंका चिकित्सक वाचकास येईल, व ती यावी. २०१० सालच्या जागतिक अभ्यासासाठी बांगला देश, इंडोनेशिया, पेरू व टांझानिया ह्या देशांत घरोघरी जाऊन, आणि अमेरिकेत दूरध्वनीवरून, सामान्य माणसांना प्रश्न विचारण्यात आले. दोन काल्पनिक माणसांच्या दुखण्याचे सोप्या शब्दांत वर्णन करावयाचे आणि ह्यांतील अधिक निरोगी कोण, एवढेच विचारावयाचे. अशा असंख्य उत्तरांवरून ते अंक ठरले. पद्धत निर्दोष आहे असा कोणाचाच दावा नाही. पण दुखणे किती मोठे हे केवळ वैद्यांनी न ठरवता शेतकरी आणि गृहिणी ह्यांनाही विचारून ठरवावे, ही कल्पना मला मोलाची वाटते.

ह्या मापाने जगाचे चित्र पालटले. कंबरदुखी आणि मनाचे औदासीन्य ह्यांनी सहसा कोणी मरत नाही; पण आजारात काढलेल्या वर्षांचा हिशेब मांडताच ही दोन्ही दुखणी यादीच्या अगदी वरच्या भागात येऊन बसली. आपल्या देशापुरते पाहिले तर १९९० साली एकूण रोगभारापैकी ६१ टक्के भार सांसर्गिक रोग, बाळंतपण, नवजात बालकांचे विकार व कुपोषण ह्यांचा होता. २०१६ साली तो ३३ टक्क्यांवर उतरला आणि हृदयविकार, मधुमेह इत्यादींचा वाटा ३० वरून ५५ टक्क्यांवर गेला. ह्यावरून कुपोषणाचा प्रश्न सुटला, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आरोग्यास घातक ठरणाऱ्या कारणांची क्रमवारी लावली, तेव्हा माता व बालके ह्यांचे कुपोषण हे कारण त्याच वर्षीही देशात पहिल्या क्रमांकावर होते.

कुपोषण म्हणजे केवळ हाडे वर आलेले मूल, अशी आपली समजूत असते. वस्तुतः वयाच्या मानाने उंची कमी असणे हे फार दिवसांच्या उपासमारीचे किंवा वारंवारच्या आजाराचे लक्षण आहे, आणि उंचीच्या मानाने वजन कमी असणे हे अलीकडच्या उपासमारीचे. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.२ टक्के पहिल्या गटात व २५.६ टक्के दुसऱ्या गटात आढळली. ह्या दोन्ही गोष्टी निदान फूटपट्टीने आणि काट्याने मोजता तरी येतात. तिसरा प्रकार डोळ्यांस सहज दिसत नाही. अंगाने बऱ्यापैकी भरलेल्या मुलाच्याही रक्तात लोहाची उणीव असू शकते. त्याच सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी देशात ६७.१ टक्के व महाराष्ट्रात ६८.९ टक्के बालके रक्तक्षयी आढळली. त्या वेळी अंगणवाडीत असलेली मुले आज आपल्या वर्गांत बसली आहेत.

रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, आणि ते काम त्यांतील लोहयुक्त रक्तरंजकामुळे होते. ते कमी पडले की, अन्न पोटात असूनही शरीरात शक्ती निर्माण होत नाही. चुलीत लाकडे आहेत पण वारा नाही, मग जाळ कसा व्हावा? तसेच हे आहे. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाच्या रक्तात दर शंभर मिलिलिटरमागे रक्तरंजकाचे प्रमाण साडेअकरा ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. अकरापेक्षा कमी झाल्यास तो मध्यम, आणि आठपेक्षा कमी झाल्यास तीव्र.

आता फळ्यावर एक उदाहरण सोडवू. रक्तक्षयास दिलेले अंक असे आहेत : सौम्य ०.००४, मध्यम ०.०५२, तीव्र ०.१४९. समजा, चाळीस पटाच्या वर्गात वीस मुलांस मध्यम रक्तक्षय आहे, व तो वर्षभर तसाच राहिला. वीस गुणिले एक वर्ष गुणिले ०.०५२, म्हणजे १.०४ वर्षे. ह्याचा अर्थ असा की, ज्या वर्गात वर्षभर एकही मूल दगावले नाही, एकही मूल रुग्णालयात गेले नाही, त्या वर्गाने निरोगी आयुष्याचे एक पूर्ण वर्ष गमावले. आणि त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ही आकडेमोड पाचवीच्या दशांश अपूर्णांकांच्या गुणाकारास चांगली आहे. मुलांकडून अवश्य करून घ्यावी. मात्र वर्गातील कोणा मुलाचे नाव त्यात घालू नये.

ह्या हिशेबाची एक मर्यादा शिक्षकाने विशेष लक्षात ठेवली पाहिजे. तो आरोग्याची हानी मोजतो, शिक्षणाची नाही. त्या वर्षात जो भागाकार मुलीच्या डोक्यात शिरला नाही, जे वाचन अडखळतच राहिले, आणि पुढे त्या पायावर जे काही उभे राहणार होते, ते ०.०५२ ह्या अंकात धरलेले नाही. ते पाहू शकणारा मनुष्य गावात एकच, आणि तो म्हणजे शिक्षक. दुर्दैवाने आपण ते पाहतो आणि त्यास दुसरेच नाव देतो.

असे चुकीचे नाव देणारे आपणच पहिले नव्हे. अमेरिकेच्या दक्षिण भागात, विसाव्या शतकाच्या प्रारंभी, खेड्यांतील गरीब लोक जात्याच सुस्त आहेत असे उर्वरित देश समजत असे. चार्ल्स स्टाइल्स ह्या कृमिशास्त्रज्ञाने १९०२ साली एका सभेत प्रतिपादन केले की, ह्या सुस्तीचे मूळ स्वभावात नसून आतड्यांतील अंकुशकृमीत आहे. वृत्तपत्रांनी त्याची थट्टा करून त्या कृमीस ‘आळसाचा जंतू’ असे नाव दिले. तथापि १९०९ साली रॉकफेलरच्या दहा लक्ष डॉलरांच्या देणगीतून एक आरोग्य आयोग स्थापन झाला. त्याने शाळकरी मुलांची तपासणी केली, तेव्हा सुमारे चाळीस टक्के मुलांच्या पोटात हा कृमी निघाला. १९१४ पर्यंत लक्षावधी लोकांस औषध देण्यात आले, गावोगाव व्याख्याने झाली, संडासांचा प्रचार झाला. ह्या प्रकरणाचा शेवट २००७ साली झाला, असे म्हणता येईल. त्या वर्षी होयट ब्लीकली ह्या अर्थशास्त्रज्ञाने जुनी जनगणनापत्रके तपासून दाखविले की, ज्या भागांत कृमीचा प्रादुर्भाव अधिक होता, त्याच भागांत मोहिमेनंतर शाळेतील उपस्थिती व साक्षरता अधिक वेगाने वाढली. लोकांचा स्वभाव काही पाच वर्षांत बदलला नव्हता.

हा कृमी आपल्याकडेही आहे. उघड्यावरील विष्ठेतून त्याची अंडी मातीत पडतात. अळी अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते, रक्तातून फुप्फुसात जाते, तेथून घशात येऊन गिळली जाते आणि आतड्यास चिकटून रक्त शोषते. फेब्रुवारी व ऑगस्ट महिन्यांतील जंतनाशक दिनाची गोळी आतड्यांतील कृमी मारते, पण अंगणातील मातीस ती काही करू शकत नाही. म्हणून गोळी, चप्पल आणि संडास ह्या तिन्ही गोष्टी बरोबर चालाव्या लागतात. सरसकट सर्व मुलांस गोळी दिल्याने अभ्यासात किती फरक पडतो, ह्याविषयी विद्वानांत एकमत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या केनियातील एका अभ्यासात उपस्थिती वाढल्याचे दिसले, तर पुढील काही समीक्षकांना सरासरी लाभ फारच अल्प वाटला. मला ह्यात मोठा विरोध दिसत नाही. ज्याच्या पोटात जंत थोडे, त्यास लाभ थोडा. ज्याचे रक्तच आटले आहे, त्याची गोष्ट निराळी.

त्या निराळ्या गोष्टीचा मला आलेला अनुभव सांगतो. सांगण्यासारखा तो नाही. पण ह्या लेखाचे मूळ तेथेच आहे. मी उपशिक्षक होतो. चौथीच्या वर्गात एक मुलगी भिंतीकडेला बसे. सकाळी ठीक असे, दुपारी मान खाली. कवायतीत धाप लागे, म्हणून ती मागे राही, आणि मी रागावत असे. एप्रिलमध्ये तिच्या प्रगतिपत्रकावर मी लिहिले, ‘मंद व आळशी.’ अक्षर सुरेख होते. पाचवीचा वर्ग शेजारच्या गावी होता. ऑगस्टमध्ये प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर आमच्या शाळेत तपासणीस आले, तेव्हा त्या मुलीची दुसरीतील धाकटी बहीण पांढरीफटक निघाली. डॉक्टरांनी घरातील सर्वांस बोलावले. थोरलीच्या रक्ताचा आकडा धाकटीहूनही खाली, सहाच्या आसपास होता. तो ऐकून मी त्यांच्या घरी गेलो आणि ती पाचवीत का जात नाही, असे वडिलांस विचारले. ते सरळपणे म्हणाले, “गुरुजी, तुमीच लिवलंय न्हवं, पोरगी मंद हाय म्हून? मग एवढ्या लांब धाडून काय करायचं?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. औषध सुरू झाले. पुढच्या जूनमध्ये मी स्वतः जाऊन तिचे नाव घातले, आणि ती नववीपर्यंत शिकली. मधले वर्ष गेले ते गेलेच.

आता कामाच्या गोष्टी. शिक्षकाने वैद्य होऊ नये; परंतु डोळ्याच्या खालच्या पापणीची आतली बाजू, जीभ, नखे आणि तळहात ह्यांवरील फिकेपणा पाहणे हे वैद्यकाचे काम नव्हे, ते नजरेचे काम आहे. असे मूल आढळल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची वाट पाहत बसू नये. आशाताईंमार्फत पालकांस आरोग्य केंद्रात पाठवावे. आदिवासी भागातील शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. प्रत्येक रक्तक्षय लोहाच्या उणिवेचा नसतो. सिकलसेल हा जन्मजात विकार पालेभाजीने बरा होत नाही, आणि अशा मुलाच्या हातापायांतील वेदना म्हणजे शाळा बुडविण्याचे निमित्त नव्हे.

साप्ताहिक लोहाच्या गोळीविषयी तक्रारी येतात. पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी गुलाबी गोळी असते. तीत ४५ मिलिग्रॅम लोह व ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. मोठ्या मुलांची गोळी निळी, ६० मिलिग्रॅम लोहाची. ती उपाशीपोटी दिल्यास मळमळते, म्हणून शाळेतील जेवणानंतरच द्यावी. तिने शौचास काळे होते. हे पालकांस आधी न सांगितल्यामुळे गोळ्या बंद पडलेली गावे मला ठाऊक आहेत. पालकसभेत पाच मिनिटे खर्च केली असती, तर ते टळले असते.

आहाराविषयी पुस्तकी उपदेश फार झाला आहे. मी दोनच गोष्टी सांगतो. बाजरीत, कडधान्यात, पालेभाजीत लोह असते. पण ते अंगी लागण्यास आंबटाची मदत लागते आणि चहाची अडचण होते. आपल्याकडे पुष्कळ मुले सकाळी चहात भाकरी किंवा खारी बुडवून खातात. भाकरी तीच ठेवून चहा तास-दीड तास पुढे ढकलला आणि जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा आला, तरी पैसा न वाढता फरक पडतो. दुसरी गोष्ट शालेय पोषण आहाराची. प्राथमिक वर्गांच्या ताटात दर मुलामागे ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असावीत, आणि त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी असे प्रमाण ठरलेले आहे. चाळीस मुलांस भाजी दोन किलो झाली. ती दोन किलो भाजी खरोखर पातेल्यात पडते काय, हे पाहण्यास तराजू पुरतो.

शेऱ्याच्या रकान्यात मात्र ह्यापुढे निष्कर्ष लिहू नये, दिसले ते लिहावे. ‘आळशी’ ह्याऐवजी ‘दुपारनंतर झोप येते, धावताना धाप लागते, खेळात बसून राहते’ असे लिहिल्यास दोन ओळी अधिक लागतील. पण त्या ओळी वाचून डॉक्टरास काही करता येईल, आणि वडिलांस शाळा बंद करण्याचे कारण मिळणार नाही.

पुढील केंद्र शिक्षण परिषदेस येताना प्रत्येक शाळेने चार आकडे आणावेत : पट किती, त्यांपैकी फिकेपणा आढळलेली मुले किती, त्यांतील रक्त तपासून झालेली किती, आणि गेल्या चार आठवड्यांत लोहाची गोळी प्रत्यक्ष घेतलेली किती. गोळ्या वाटल्या किती, हा आकडा नको. पोटात गेल्या तो हवा. मुलांची नावे कागदावर आणू नयेत.